बँकेची एएमएल यंत्रणा स्वतंत्रपणे कशी तपासायची? या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

ऐरोली, महापे, घणसोली किंवा ठाण्याचा वागळे इस्टेट-घोडबंदर पट्टा, इथल्या बँकांच्या बॅक-ऑफिसमध्ये आणि सल्लागार कंपन्यांमध्ये सध्या ‘एएमएल व्हॅलिडेशन’ (अँटी-मनी लाँडरिंग, म्हणजे काळा पैसा पांढरा करणं रोखणारी यंत्रणा, नीट चालते का याची तपासणी) नावाच्या कामासाठी बरीच तरुण मंडळी रुजू होत आहेत. कुणी सीएची आर्टिकलशिप करून आलेलं असतं, कुणी शाखेत काही वर्षं काढून, कुणी थेट डेटा ॲनालिस्ट म्हणून. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: नेमकं तपासायचं काय आणि सुरुवात कुठून करायची? हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी यंत्रणा थोडक्यात समजून घेऊ. बँकेत दिवसाला लाखो व्यवहार होतात. त्यातले संशयास्पद कोणते हे आधी सॉफ्टवेअर पाहतं. ग्राहकाच्या जोखीमगटाशी किंवा त्याच्या प्रोफाइलशी न जुळणारा व्यवहार झाला की अलर्ट देणारं सक्षम सॉफ्टवेअर बँकांनी वापरावं, असं रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत स्पष्ट म्हटलं आहे. अलर्ट आला की तपास करणारी टीम तो उघडते. संशय पक्का झाला की बँकेचा प्रिन्सिपल ऑफिसर एफआययू-इंडियाला (केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला) एसटीआर, म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, पाठवतो. मुळाशी २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा आहे. तो १ जुलै २००५ पासून लागू झाला. एफआययूची स्थापना त्याआधीच, नोव्हेंबर २००४ मध्ये झाली होती.

तुम्ही या साखळीच्या बाहेर उभे राहून ती धड चालते का, हे तपासणार आहात. नवखा माणूस इथे पहिल्याच दिवशी चुकीच्या दिशेला जाण्याची शक्यता असते, कारण बँक त्याच्यासमोर अलर्टचा ढीग ठेवते आणि तो मुकाट्याने ढीग चाळायला बसतो. अलर्ट तपासायचे आहेतच, पण शेवटी. ज्या व्यवहारावर अलर्ट यायला हवा होता आणि आला नाही, तो शोधणं हे या कामाचं मर्म आहे. पुढची प्रत्येक पायरी त्याच शोधासाठी आहे.

पायरी पहिली: तुम्ही खरंच स्वतंत्र आहात का?

ज्यानं सिनारिओ (कोणत्या व्यवहारावर अलर्ट द्यायचा याचे नियम) लिहिले, थ्रेशोल्ड (अलर्ट सुरू होण्याची मर्यादा) ठरवले किंवा यंत्रणा बसवली, त्यानं तिची तपासणी करायची नाही. हे सगळ्यांना पटतं. अडचण येते ती अर्धवट स्वातंत्र्याची. तपासणारा वेगळा आहे, पण त्याचं अप्रेझल एएमएलच्याच हेडकडे आहे. किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीनंच ‘टेस्टिंग पूर्ण’ असं पत्र दिलंय आणि बँक तेच पुढे करतेय. विक्रेत्याचं पत्र म्हणजे विक्रेत्याचं मत. ते फाइलला लावा, पण पुरावा म्हणून धरू नका.

अमेरिकी किंवा युरोपीय बँकेच्या इथल्या ऑफिसात असाल, तर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं एप्रिल २०११ मध्ये काढलेलं ‘एसआर ११-७’ हे मॉडेल रिस्कचं (मॉडेल चुकल्यानं होणाऱ्या धोक्याचं) मार्गदर्शक पत्रक तुम्हाला वाचायला देतील. मन लावून वाचा. मॉडेलची वैचारिक बैठक, चालू देखरेख आणि निकालांचं विश्लेषण हे तिन्ही तपासा, असं ते सांगतं. न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाचा ‘पार्ट ५०४’ नियम जानेवारी २०१७ पासून लागू झाला. तो याहून थेट आहे: व्यवहारांवर नजर ठेवणारी यंत्रणा नियमांबरहुकूम आहे याची लेखी ग्वाही दर वर्षी संचालक मंडळानं किंवा वरिष्ठ अधिकाऱ्यानं द्यायची. त्या सहीमागचं काम बऱ्याचदा आपल्याकडच्या टीमचं असतं.

पायरी दुसरी: बँक काय विकते आणि यंत्रणा काय पाहते

एक्सेल उघडा. डाव्या रकान्यात बँकेची सगळी उत्पादनं आणि माध्यमं लिहा: बचत, चालू, कॅश क्रेडिट, लॉकर, सोनेतारण, प्रीपेड कार्ड, यूपीआय, आयएमपीएस, एनईएफटी, आरटीजीएस, डीडी, परदेशी रेमिटन्स, कॅश डिपॉझिट मशीन. उजवीकडे त्या प्रत्येकावर कोणता सिनारिओ चालतो ते भरा. जिथे घर रिकामं राहील तिथे कारण लिहून मागा. ‘तिथे जोखीम कमी आहे’ हे कारण चालेल, पण बँकेच्या स्वतःच्या जोखीम मूल्यांकनात ते लिहिलेलं असलं पाहिजे.

हा तक्ता किरकोळ वाटतो, पण अमेरिकेतल्या टीडी बँकेचं प्रकरण पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बँकेनं गुन्हा कबूल केला आणि एकूण दंड तीन अब्ज डॉलरच्या वर गेला. अमेरिकी न्याय खात्यानं सांगितलं की, जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२४ या काळात बँकेच्या एकूण व्यवहारांच्या रकमेपैकी ९२ टक्के रकमेवर यंत्रणेची नजरच नव्हती. देशांतर्गत एसीएच (बँकांमधल्या इलेक्ट्रॉनिक क्लिअरिंगचे) व्यवहार आणि बहुतेक चेक तिच्या कक्षेबाहेरच राहिले होते. असं रिकामं घर एका साध्या तक्त्यात पहिल्याच दिवशी उठून दिसतं.

पायरी तिसरी: डेटा

इथे वेळ घालवा. माझा आग्रह असतो की एकूण वेळातला मोठा वाटा याच पायरीला द्यावा. सिनारिओ कितीही हुशारीनं लिहिलेला असो, व्यवहार त्याच्यापर्यंत पोचलाच नाही तर तो आंधळा आहे.

कोअर बँकिंगमधून (बँकेच्या सगळ्या खात्यांच्या मुख्य प्रणालीतून) एएमएल यंत्रणेत डेटा सहसा रात्री बॅचनं, म्हणजे गठ्ठ्यानं, जातो. एक दिवस निवडा. त्या दिवसाचे व्यवहार दोन्हीकडून मागवा. कोअर बँकिंगचा डेटा मात्र एएमएल टीमकडून घेऊ नका. आयटीवाल्यांच्या शेजारी बसून, क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढणारी आज्ञा) तुमच्यासमोर चालवून घ्या. समजा, कोअर बँकिंगमध्ये ४,१२,६३० व्यवहार दिसले आणि एएमएलमध्ये ४,०९,९१८. फरक २,७१२ चा. अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असा हा फरक पाहून समोरून ‘एवढं चालतं’ असं उत्तर येईल. तिथे थांबू नका. फरक ट्रान्झॅक्शन कोडनिहाय (व्यवहाराच्या प्रकाराला दिलेल्या क्रमांकानुसार) मांडा. तो सगळ्या कोडांमध्ये विखुरलेला असेल, तर बॅचच्या वेळेचा प्रश्न असू शकतो. पण २,७१२ पैकी २,६९० व्यवहार एकाच कोडचे निघाले आणि तो कोड दोन महिन्यांपूर्वी घोडबंदर रोडच्या शाखेत बसवलेल्या नव्या डिपॉझिट मशीनचा निघाला, तर त्या मशीनमधून भरलेली सगळी रोकड यंत्रणेच्या नजरेआड जातेय. टक्केवारीत हा फरक कधीच दिसला नसता.

आकडे मी कल्पनेतले घेतलेत, पण असा प्रकार प्रत्यक्ष घडलेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेनं २०१२ मध्ये रोकड भरण्याची नवी यंत्रं आणली. त्यांच्यासाठी नंतर जोडलेला एक कोड रिपोर्टिंगच्या प्रक्रियेला माहीतच नव्हता. नोव्हेंबर २०१२ ते सप्टेंबर २०१५ या काळात १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा त्याहून मोठ्या रोख व्यवहारांचे ५३,५०६ अहवाल वेळेत गेले नाहीत. २०१८ मध्ये बँकेनं ७० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड भरला. तपासात इतर त्रुटीही निघाल्या, पण राहिलेल्या या अहवालांच्या मुळाशी एक कोड होता.

संख्या जुळली की रक्कम जुळवा. मग तिसरा आधार घ्या: जनरल लेजर. त्या दिवशीची कॅश जीएलची सुरुवातीची शिल्लक, अधिक नावे (आलेली रोकड), वजा जमा (गेलेली रोकड), बरोबर अखेरची शिल्लक. लेजरमध्ये आलेली ग्राहकांची रोकड आणि एएमएलमध्ये पोचलेली रोख जमा यांचा मेळ बसलाच पाहिजे. लेजर एएमएलसाठी ठेवलेलं नसतं, म्हणूनच ते भरवशाचं साक्षीदार ठरतं.

निवडलेला दिवस साधा मंगळवार असू नये. ३१ मार्च घ्या, दुसरा शनिवार घ्या, सर्व्हर बदलल्याच्या दुसऱ्या दिवसाचा डेटा घ्या. यूपीआय चोवीस तास चालतं. रात्री साडेअकराला झालेला व्यवहार डे-एंडनंतर पुढच्या तारखेला पडतो का, की मधेच गळतो, ते पाहा. आणि बॅचमध्ये नाकारलेल्या नोंदींची रांग जरूर मागा. ग्राहक क्रमांक रिकामा, तारखेचा फॉरमॅट वेगळा, नावाच्या रकान्यात भलतंच चिन्ह, अशा कारणांनी बाजूला पडलेल्या नोंदी तिथे महिनोन्महिने साचलेल्या असू शकतात. ही रांग रोज कोण पाहतं, असं विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला, तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

ग्राहकाची माहितीही याच पायरीत येते. व्यवसायाच्या रकान्यात किती जणांच्या नावापुढे ‘इतर’ आहे ते मोजा. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य असलेले किती, तेही मोजा. ग्राहकाच्या प्रोफाइलशी तुलना करणारा सिनारिओ या रिकाम्या रकान्यांवर चालू शकत नाही.

पायरी चौथी: नियम स्वतः लिहून पाहा

सिनारिओचं लेखी वर्णन घ्या आणि यंत्रणेतला कोड न बघता, त्या वर्णनावरून स्वतःची एसक्यूएल क्वेरी लिहा. ती तीन महिन्यांच्या डेटावर चालवा. तुमचे अलर्ट आणि यंत्रणेचे अलर्ट समोरासमोर ठेवा. तुमच्याकडे आहेत आणि यंत्रणेकडे नाहीत, ते आधी उघडा. उलट बाजूचेही नंतर पाहा.

समजा वर्णन असं आहे: ‘कोणत्याही सलग ३० दिवसांत ग्राहकाची एकूण रोख जमा ९ लाख ते १० लाख असेल तर अलर्ट.’ दहा लाखांच्या वरच्या रोख व्यवहारांचा सीटीआर, म्हणजे रोख व्यवहारांचा अहवाल, एफआययूकडे जातो. एकाच महिन्यात एकमेकांशी जोडलेले छोटे रोख व्यवहार मिळून दहा लाखांवर गेले तर तेही त्यात येतात. हे टाळण्यासाठी रक्कम तुकड्यांत भरणारे लोक पकडायला हा सिनारिओ आहे. आता एक ग्राहक २७ ते ३१ मार्च या दिवसांत ४ लाख ८० हजार भरतो आणि १ ते ३ एप्रिलला ४ लाख ९० हजार. आठ दिवसांत ९ लाख ७० हजार झाले. तुमच्या क्वेरीत अलर्ट आला, यंत्रणेत नाही. कोड उघडल्यावर कळतं की प्रोग्रामरनं ‘सलग ३० दिवस’ ऐवजी कॅलेंडरचा महिना घेतलाय. मार्चमध्ये ४.८, एप्रिलमध्ये ४.९, दोन्ही नऊच्या खाली.

असेच बारकावे इतरत्र तपासा. ‘पेक्षा जास्त’ आहे की ‘किंवा जास्त’? बेरीज खात्याची होते की ग्राहकाची? एकाच माणसाची तीन खाती तीन शाखांत असतील तर? संयुक्त खात्यातली रक्कम कुणाच्या नावावर धरली? रिव्हर्सल झालेली नोंद मोजली का? पन्नास हजारांखालच्या एकेका रोख नोंदीचा तपशील सीटीआरमध्ये द्यावा लागत नाही, म्हणून कुणी सिनारिओतूनही त्या नोंदी गाळल्या आहेत का? अहवालाची सवलत नजर ठेवण्यातही लावली, तर ४९ हजारांचे वीस भरणे कुणालाच दिसणार नाहीत.

चाचणी यूएटीमध्ये (चाचणीसाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रणालीत) केली असेल, तर यूएटीचे थ्रेशोल्ड आणि प्रत्यक्ष चालू यंत्रणेचे थ्रेशोल्ड सारखे आहेत का, हे स्क्रीनशॉट घेऊन जुळवा.

पायरी पाचवी: थ्रेशोल्ड आणि माणसं

या पायरीवर आपल्या भागाची ओळख असलेला माणूस उपयोगी पडतो. वाशीच्या एपीएमसीतल्या फळबाजारातल्या आडत्याचं चालू खातं घ्या. मार्च ते मे हापूसचा हंगाम. कोकणातून पेट्या येतात, विक्रीची रोकड जमा होते, बागायतदारांच्या पट्ट्यांचे (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्यांचे) पैसे निघतात. जूनला उलाढाल एकदम खाली. बाजाराजवळच्या शाखेतल्या कॅशियरशी पाच मिनिटं बोला, तो सांगेल, ‘सर, आंबा संपला की हे खातं गप्प बसतं.’ आता हा आडत्या आणि सीवूड्सचा पगारदार माणूस एकाच सेगमेंटमध्ये, एकाच थ्रेशोल्डखाली असतील, तर दर उन्हाळ्यात आडत्याचे अलर्ट ढिगानं येतील. तपास करणारी मुलं ते वाचून न वाचल्यासारखे बंद करतील. आणि त्याच आडत्यानं ऑगस्टमध्ये, हंगाम नसताना, मोठी रोकड भरली तर तिच्याकडेही त्याच सवयीनं बघतील. वर्षातल्या त्याच महिन्याशी तुलना करणारा सिनारिओ इथे खूप काम वाचवतो.

उलवे-पनवेल बाजूचं दुसरं उदाहरण. वर्षानुवर्षं शांत असलेल्या खात्यात अचानक मोठी रक्कम येते: भूसंपादनाचा मोबदला किंवा सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत (जमीन गेलेल्यांना विकसित भूखंड देण्याच्या) मिळालेल्या भूखंडाचा व्यवहार. ‘निष्क्रिय खात्यात अचानक मोठी जमा’ हा सिनारिओ वाजणार आणि वाजलाच पाहिजे. पण पैसा कुठून आला हे कागदोपत्री स्पष्ट असेल, तर पुढचा प्रश्न पैसे कुठे गेले हा आहे. बंद केलेल्या अशा अलर्टमध्ये तो प्रश्न विचारला गेला होता का, ते वाचा.

थ्रेशोल्ड तपासायची नेहमीची पद्धत म्हणजे रेषेच्या वर आणि खाली पाहणं. थ्रेशोल्ड पाच लाखांचा असेल, तर चार ते पाच लाखांमधले व्यवहार यादृच्छिक पद्धतीनं निवडा, पाच लाखांच्या वरच्या खऱ्या अलर्टमध्ये मिसळा आणि कोणता कुठला हे न सांगता अनुभवी तपासनिसाकडे द्या. खालच्यांमधून खरोखर संशयास्पद प्रकरणं निघाली, तर रेषा फार वर आहे. वरचे सगळे फुसके निघाले, तर रेषा वर न्यायचा विचार करता येईल. सॅम्पल कसं निवडलं याची क्वेरी जपून ठेवा, नाहीतर दुसऱ्याला ते पुन्हा काढता येणार नाही.

अमेरिकेच्या यूएस बँकेत अशी रेषेखालची चाचणी होत होती. २०११ मध्ये तिच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना आढळलं की रेषेखालून काढलेल्या प्रकरणांपैकी ३० ते ८० टक्के प्रकरणांत संशयास्पद अहवाल पाठवावा लागतोय. बँकेनं रेषा खाली आणली नाही, चाचणीच बंद केली. तपासायला माणसं किती आहेत हे पाहून अलर्टची संख्या बांधून ठेवली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये ६१ कोटी ३० लाख डॉलरचा दंड झाला. म्हणून थ्रेशोल्ड बदलल्याची प्रत्येक नोंद काढा, त्या तारखेला टीममध्ये किती जण होते आणि किती अलर्ट तुंबले होते ते शेजारी मांडा. अलर्ट तुंबल्यावर लगेच थ्रेशोल्ड वर गेला असेल, तर त्याचं विश्लेषण लेखी मागा.

म्यूल खात्यांचा (दुसऱ्याचा गुन्ह्याचा पैसा पुढे सरकवायला वापरलेल्या खात्यांचा) वेगळा विचार करा. कॉलेजातल्या मुलाच्या खात्यात दुपारभर वेगवेगळ्या राज्यांतून यूपीआयनं पैसे येतात आणि संध्याकाळपर्यंत एटीएममधून आणि पुढच्या चार खात्यांत निघून जातात. एकेक रक्कम छोटी, दिवसअखेर शिल्लक जवळपास शून्य. रकमेवर बेतलेले जुने सिनारिओ इथे कमी पडतात. पैसे किती वेळ खात्यात थांबले आणि देणारे किती वेगळे होते, हे पाहणारा सिनारिओ लागतो. रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबनं अशा खात्यांसाठी ‘म्यूलहंटर.एआय’ तयार केलं, ते याच कारणासाठी. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली ठाण्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेची आयुष्यभराची पुंजी जाते, तेव्हा ती अशाच खात्यांमधून काही तासांत पुढे सरकते. तुमच्या क्वेरीतली एक ओळ तिच्या पैशांशी जोडलेली आहे, ही जाणीव मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते.

मशीन लर्निंगचं मॉडेल असेल तर वरचं सगळं लागूच आहे. शिवाय हा अलर्ट का आला, हे तपासनिसाला साध्या भाषेत सांगता येतं का आणि मॉडेल शिकवलं तेव्हाचा डेटा आजच्याशी मिळताजुळता आहे का, हे दोन प्रश्न जोडा.

पायरी सहावी: आता अलर्ट उघडा

बंद केलेल्या अलर्टचं सॅम्पल घ्या. शेरे एकाखाली एक ठेवून वाचा. ‘ग्राहक ओळखीचा, व्यवहार प्रोफाइलप्रमाणे’ हे वाक्य पन्नास फाइलींत स्वल्पविरामासकट सारखं दिसलं, तर तिथे तपास झालेला नाही. अलर्ट उघडल्यापासून बंद व्हायला किती वेळ लागला तेही पाहा. मिनिटाच्या आत बंद झालेले वेगळे काढा. ‘या ग्राहकाचे अलर्ट देऊ नका’ अशी सूट दिलेल्यांची यादी मागा: कुणी दिली, केव्हा, मुदत काय, पुनरावलोकन कधी.

एसटीआर पाहण्याचा अधिकार तुम्हाला दिला असेल, तर गोपनीयता कडक पाळा. एसटीआर गेल्याची कुणकुण ग्राहकाला लागू देणं कायद्यानं मना आहे. म्हणून तुमच्या कामाच्या कागदांत ग्राहकाचं नाव न लिहिता संदर्भ क्रमांक लिहा. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत लॅपटॉप उघडून ती फाइल वाचू नका.

पायरी सातवी: अहवाल आणि त्यानंतर

प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी हव्यात: काय असायला हवं होतं, काय सापडलं, का घडलं आणि केव्हापासून घडतंय. चौथी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. कोड आजपासून दुरुस्त केला, तरी गेल्या चौदा महिन्यांत सुटलेले व्यवहार सुटलेलेच राहतात. ते पुन्हा यंत्रणेतून चालवून, निघालेले अलर्ट तपासून, लागेल तिथे एसटीआर पाठवायला हवेत. ही मागे जाऊन तपासणी किती काळाची करायची, हे अहवालातच लिहा आणि संचालक मंडळाच्या ऑडिट कमिटीसमोर नेऊन ठेवा.

गांभीर्य ठरवताना समोरून दबाव येईल. ‘हाय’चं ‘मीडियम’ करून देण्याची विनंती गोड शब्दांत होईल. पुरावा बदलला असेल तरच शेरा बदला आणि बदललात तर कारण लिहून ठेवा.

बँकेकडून ‘दुरुस्त केलं’ असा मेल आला की मुद्दा बंद करू नका. ज्या क्वेरीनं २,७१२ चा फरक काढला होता, तीच क्वेरी दुरुस्तीनंतरच्या ताज्या दिवसाच्या डेटावर पुन्हा चालवा. निकाल, तारीख आणि चालवणाऱ्याचं नाव जोडा आणि मगच ‘बंद’ असा शेरा लिहा.